बासष्ट नंबरची पेटी

१

मिस्त्रीकाका यंत्रघरात दारापासून चार हातांवर पडलेले सापडले. उजवा हात भिंतीवरच्या लाल बटणाखाली लोंबत होता आणि बटण आत दाबलेलं होतं.

कोल्ड स्टोअरेजचं यंत्रघर ते. एका व्हॉल्व्हमधून अमोनिया सुटला होता. अमोनिया डोळ्यांत गेला की डोळे मिटतात ते उघडत नाहीत. दार कुठलं आणि भिंत कुठली, काही उमजत नाही. तशा आंधळ्या घटकेतही त्या म्हाताऱ्यानं चाचपत चाचपत बटण गाठलं होतं. रोज सकाळी चाचणीसाठी तो तेच बटण दाबायचा. दाबलं की पलीकडे मोठ्या इमारतीतल्या कंट्रोल रूममध्ये, टेबलावर घंटा वाजायची. खऱ्या संकटात मग तिथला माणूस यंत्रं बंद करायचा, मुखवटे चढवून पोरं धावायची.

त्या दुपारी घंटा वाजलीच नाही.

माणसानं जीव एकवटून हाक मारावी आणि ती पोचू नये, याहून काळजाला घरं पाडणारं दुसरं काय असतं? देवाच्या दारी हिशेब व्हायचा तो होईलच, पण इथं, माणसांच्या जगात, त्या न पोचलेल्या हाकेचा जाब कुणाला तरी द्यावा लागणार होता. तो कोणी द्यायचा हे दुसऱ्या दिवशी सकाळीच ठरूनही गेलं होतं. बटणापासून घंटेपर्यंतच्या जाळ्याची सगळी जबाबदारी जिच्याकडे होती, ती इंजिनिअर पोरगी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मान खाली घालून बसली होती. समोर टाइप केलेला कबुलीचा कागद होता. उद्या सुरक्षा निरीक्षक येणार, त्यांच्या हातात तो द्यायचा.

"माझ्या हातून चूक झाली, एवढंच लिहिलंय," मॅनेजरसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "तू तरुण आहेस. वकील आपण देऊ. मन मोकळं होईल तुझं."

पोरीनं पेन उचललं. तेवढ्यात दार उघडलं.

"ठमे, ते खाली ठेव."

दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. जिने चढून तिला धाप लागली होती, एक हात गुडघ्यावर होता. ठमीची आत्या. सारी हयात पोलीस खात्यात तपासावर घालवून ती निवृत्त झाली होती. खात्यातले जुने लोकही तिला आत्याच म्हणत.

"आत्या, चूक माझीच आहे गं," ठमीचे डोळे भरले. "काका माझ्यामुळे गेले."

"असेल," आत्या म्हणाली. "पण मला पटल्याशिवाय तू सही करायची नाहीस. साहेब, आजचा दिवस द्या मला. सही काय, संध्याकाळीही करता येते."

साहेबांनी मागे बघितलं. खिडकीशी मालकीणबाई उभ्या होत्या. ताठ बाई. मॅनेजरसाहेब त्यांचे जावई. त्या इतकंच बोलल्या, "संध्याकाळपर्यंत. काका माझ्या लग्नाआधीपासून इथं होते. मलाही कळू दे."

२

शीतगृहाच्या दोन इमारतींच्या मधोमध, जिन्याखाली, एक कोंदट खोली होती. आत एक लोखंडी कपाट मंद घरघरत होतं. शेजारच्या भिंतीपलीकडे थंड कोठारं होती, म्हणून भिंतीला ओल सुटलेली, आणि दाराच्या फटीतून धुक्याची पातळ जीभ सारखी आत येत होती.

"हा आमचा मधला स्विच," ठमी म्हणाली. "दिव्याचा नव्हे गं. पेट्या वळवणारा."

"कसल्या पेट्या? अडाण्याला सांगतात तसं सांग. लाजू नकोस."

ठमीनं डोळे पुसले. कामाबद्दल बोलायचं म्हटल्यावर तिच्या आवाजात थोडा जीव आला.

"इथं सगळं एकाच काचेच्या तारेतून जातं. फोनवरचं बोलणं, कॅमेऱ्याचं चित्र, काकांचा गजर, सगळं. पण अख्खं नाही जात. त्याचे बारीक तुकडे करून एकाच मापाच्या पेट्यांत भरतात. आम्ही त्यांना सेल म्हणतो. प्रत्येक पेटीला पाच अक्षरांचं डोकं आणि अठ्ठेचाळीस अक्षरांचं पोट."

"सगळ्या सारख्याच? चित्राला मोठी का नाही?"

"मोठी केली की तिच्या मागं बोलण्याची पेटी खोळंबणार. सारख्या असल्या की कुणाला फार थांबावं लागत नाही." ठमीनं हवेत तीन मजले दाखवले. "तळमजल्यावर नुसता उजेड, काचेतून धावणारा. मधल्या मजल्यावर पेटीचं डोकं वाचतात आणि तिला वाट दाखवतात. वरच्या मजल्यावर तुकडे करून भरतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. पण वरचा मजला फक्त दोन टोकांना असतो. या मधल्या खोलीला तो नाही."

"म्हणजे ही खोली पोट उघडत नाही."

"कधीच नाही. आत मरणाचा गजर असो की नणंदेची चुगली, हिला त्याचं काही नाही. डोक्यावरचा नंबर बघायचा आणि पुढं ढकलायचं."

आत्याला हे बोलणं लागलं. "आणि तो नंबर म्हणजे पत्ता?"

"पत्ता नव्हे. त्या तारेपुरतं टोपणनाव. काकांचा गजर यंत्रघरातून चाळीस नंबर लावून निघतो. इथं आला की ही खोली चाळीस पुसते आणि पंचाहत्तर लावते. पुढच्या तारेवर तो पंचाहत्तर. कंट्रोल रूम पंचाहत्तरची वाट बघते. तुला नाही का, घरी छकू म्हणायचे, खात्यात बाई, आणि आमच्यात आत्या?"

"छकूचं नाव काढू नकोस. पुढं?"

ठमीनं पडद्यावरची एक ओळ दाखवली. "इथं पंचाहत्तर हवा होता. बासष्ट आहे. पुढच्या तारेवर बासष्ट म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतला फोन. फोनला गजर कळत नाही, त्याला तेही आवाजाचेच तुकडे वाटणार. सोमवारी मीच इथली सगळी मांडणी बदलली, आत्या. काल गुरुवार. माझाच हात चुकला."

"आठवतंय का चुकलेलं?"

"नाही. पण दुसरं कोण चुकणार? सोमवारी आधी मी यंत्रघरात गेले. तिथली तार तपासली, मोठ्यानं म्हटलंसुद्धा, चाळीस गजराला, बासष्ट रिकामा. काकांनी मला चहा दिला. साहेब दारात नाक धरून उभे होते, लवकर आटप म्हणत. मग इथं येऊन..."

"काल ही ओळ तूच आधी पाहिलीस?"

"हो. काकांना बाहेर काढलं आणि मी सरळ इथं धावत आले. पोलीस आले, म्हणाले काही हलवू नका. तशीच आहे ती."

"या कपाटाला कुलूप?"

"पासवर्ड आहे. सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं ना कुणाचं काम अडतं म्हणून साहेबांनीच सगळ्यांना सांगितला."

आत्या उठली. गुडघा कटकन वाजला. भिंतीपलीकडे काहीतरी जड घसरल्यासारखा आवाज झाला आणि दोघी दचकल्या. नुसता बर्फ सुटला होता.

"ठमे, रोज सकाळी काका बटण दाबून बघायचे ना?"

"न चुकता."

"मग सोमवारी तू चुकली असशील, तर मंगळवारी घंटा का वाजली? बुधवारी? काल सकाळी?"

ठमीनं कडवट हसून मान हलवली. "वाजली असं ऑपरेटर सांगतो. पण त्याचं कोण खरं मानणार? तो टेबलावर झोपतो, हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे."

३

कंट्रोल रूमचा ऑपरेटर लठ्ठ, घाबरट आणि तोंडाळ होता. आत्या समोर बसायच्या आत तो सुरू झाला.

"बाई, मी झोपतो. कबूल. दुपारी जेवल्यावर डोळा लागतो. पण ती घंटा मेलेल्याला उठवील. काल ती वाजलीच नाही, माझ्या लेकराची शपथ. आणि सकाळी वाजली होती. मी दचकून उठलो ना!"

"सकाळीही झोपला होतात?"

"आता तुम्ही फारच खोलात जाताय."

आत्याला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "साहेब म्हणतात, दुपारीही वाजली असेल, तुम्ही बंद करून पुन्हा आडवे झालात."

"मग इथं आलेल्या सगळ्यांना दिसलं असतं. घंटा मी बंद केली तरी हा तांबडा दिवा विझत नाही, यंत्रघरातलं बटण सोडवेपर्यंत तो जळत राहतो." त्यानं टेबलावरचे दिवे दाखवले. "आणि हा बघा, यंत्रघराच्या तारेचा हिरवा. काल दिवसभर हिरवा होता. मरेपर्यंत हिरवा! म्हणून तर मी निर्धास्त होतो, बाई. हिरवा म्हणजे सगळं ठीक, असंच आम्हाला सांगितलंय."

आत्यानं दाराशी उभ्या ठमीकडे पाहिलं. ठमी हळूच म्हणाली, "हिरवा दिवा तळमजल्याचा आहे. काचेतून उजेड येतोय एवढंच तो सांगतो. पाठवायला काही नसलं तरी तार थांबत नाही, आत्या. रिकाम्या पेट्या पाठवत राहते. एकामागून एक, सतत. पोटात काही नसलेल्या."

ऑपरेटरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "म्हणजे काका तिकडे मरत होते आणि माझ्याकडे रिकाम्या पेट्यांची मिरवणूक चालली होती?"

हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

"जाता जाता एक," आत्या म्हणाली. "समजा यंत्रघरातून बासष्ट नंबर लावून पेटी निघाली. तर इथं ती कुठल्या नंबरची पोचेल?"

"मला घंटा कळते बाई, पेट्या नाही. बासष्ट काय नि बाहत्तर काय."

४

कॅमेऱ्यांचा ठेकेदार गेल्याच महिन्यात आला होता. मोठ्या इमारतीत सगळीकडे त्याचे कॅमेरे लटकत होते आणि अर्ध्या कारखान्याचा समज झाला होता की त्याच्या चित्रांनी तार तुंबली आणि गजर त्यात बुडाला.

"हे बरं आहे, आत्याबाई," तो शिडीवरूनच म्हणाला. "नवा आला की पाप त्याच्या माथी. माझ्या पेट्या सगळ्यांत गरीब आहेत हो! डोक्यावर खूण असते त्यांच्या. गर्दी झाली तर आधी मला फेका, अशी. ठमीताईंनीच लावायला सांगितली. तार तुंबली असती तर पहिलं माझं चित्र फाटलं असतं."

"काल फाटलं?"

"छे! काल तर पाहुणे आले होते, कारखाना विकत घेणारे. साहेबांनी सभागृहात मोठ्या पडद्यावर माझीच चित्रं दाखवली त्यांना, दुपारभर. आरशासारखी! हवं तर विचारा."

आत्यानं मान डोलावली. गरीब पेट्याही सुखरूप पोचल्या, तर गजराची पेटी गर्दीत मेली नव्हती. तिला कुणीतरी वाट चुकवली होती.

"समजा यंत्रघरातून बासष्ट नंबरची पेटी निघाली. कंट्रोल रूममध्ये कुठल्या नंबरची पोचेल?"

ठेकेदार मोठ्यानं हसला. "मी काय ज्योतिषी आहे? मधल्या खोलीत कुठला लावलाय ते बघावं लागेल. प्रत्येक खोलीत नंबर बदलतो, आत्याबाई. शाळेतल्या पोरालाही कळतं."

"मला कालपर्यंत कळत नव्हतं," आत्या म्हणाली.

तिथून ती एकटीच यंत्रघरात गेली. दारं उघडी टाकून हवा मोकळी केली होती, व्हॉल्व्ह बंद केला होता, दाबलेलं बटणही सोडवून ठेवलं होतं, तरी भिंतींनी वास धरून ठेवला होता. काकांचं स्टूल, काकांचा पाना, खुंटीला काकांचा सदरा. माणूस जातो आणि त्याच्या वस्तू मात्र तो येईल या आशेनं तशाच बसून राहतात. आत्यानं हात जोडले.

मग तिनं व्हॉल्व्ह पाहिला. ती खाली वाकली आणि तशीच राहिली.

व्हॉल्व्हच्या मानेला निळा रुमाल आवळून बांधलेला होता. ओला करून, दोन गाठी मारून. घाईत नव्हे, निगुतीनं.

५

"मला वासाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं," मॅनेजरसाहेब म्हणाले. "व्हॉल्व्ह काल दुपारी अचानक फुटला. गळत होता हे माहीत असतं तर मी एक मिनिट यंत्रं चालू ठेवली नसती."

ते गोरे, नीटनेटके आणि फार थकलेले दिसत होते. डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"काकांचं आणि तुमचं बरं होतं?"

"वडिलांसारखे होते ते मला."

"आणि ठमी?"

"हुशार आहे. पण माणूसच ना. पंचाहत्तरच्या जागी बासष्ट टाकला. त्यांनी बटण दाबलं, आणि सगळं हवेत गेलं." त्यांनी कागदाची कड सरळ केली. "आत्या, मी तिला शिक्षा व्हावी म्हणत नाही. पण काहीतरी सांगावं लागेल ना निरीक्षकांना."

"खरं आहे. मला या नंबरांचं अजून नीट कळलेलं नाही बघा. म्हातारं डोकं. समजा यंत्रघरातून बासष्टची पेटी निघाली, तर कंट्रोल रूममध्ये कितीची पोचेल?"

"बासष्टचीच," साहेब म्हणाले. "नंबर म्हणजे नंबर."

"हो ना. मलाही आधी तसंच वाटलं होतं."

आत्या उठली. दारापाशी तिनं विचारलं, "पाहुण्यांच्या खोलीत काल कोण होतं?"

"पाहुणे सभागृहात होते. त्या खोलीत आईच असतात." साहेबांनी किंचित थांबून विचारलं, "का?"

६

पाहुण्यांच्या खोलीची खिडकी यंत्रघराच्या दाराकडे उघडत होती. मालकीणबाई तिथंच खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"रोज सकाळी मी इथं बसून लेकीशी फोनवर बोलते," त्या म्हणाल्या. "काका बटण दाबून दारात यायचे आणि रुमाल हलवायचे. सगळं ठीक आहे, असं. मी हात करायची. इतक्या वर्षांत एक दिवस चुकले नाहीत."

"काल?"

"कालही आले. पण..." त्या आठवू लागल्या. "काल रुमाल नव्हता. नुसता हात हलवला. मला वाटलं, घरी विसरले असतील."

आत्याला तो निळा रुमाल आठवला. रुमाल कालच्या सकाळीच व्हॉल्व्हच्या मानेला बांधलेला होता. म्हातारा त्या गळतीला मलमपट्टी करून बसला होता. आणि एवढं ठाऊक असलेला माणूस मॅनेजरला न सांगता राहील?

"तेव्हा तुम्ही फोनवर होतात? लाइन कशी होती?"

"स्वच्छ. लेक शेजारी बसून बोलावी तशी."

"आणि दुपारी? दुपारी बोललात?"

मालकीणबाईंचा चेहरा आक्रसला. "दुपारी तिनंच फोन केला. पाहुण्यांचं काय झालं विचारायला. पण ऐकूच येईना धड. टकटक, टकटक. कुणी बोटानं लाकूड वाजवावं तशी. तीन वेळा टकटक, मग जरा थांबा, पुन्हा तीन वेळा. थांबतच नव्हती. मी वैतागले आणि फोन ठेवून दिला."

आत्यानं डोळे मिटून घेतले. काही गोष्टी सांगाव्या लागतात, आणि सांगणाऱ्याची जीभ जड होते.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "सगळ्यांना इथं बोलावून घ्या. जावईबापूंनाही. आणि मन घट्ट करा."

७

दिवे लागायची वेळ झाली होती. खोलीत मालकीणबाई, साहेब, ऑपरेटर आणि ठेकेदार दाटीवाटीनं उभे होते. ठमीला आत्यानं यंत्रघरात पाठवलं होतं.

"मधल्या खोलीतली ती ओळ कालपासून कुणी हलवलेली नाही," आत्या म्हणाली. "काल दुपारी जे झालं, तेच आता होईल. बाई, फोन उचला."

मालकीणबाईंनी रिसीव्हर कानाला लावला. आत्यानं खिडकीतून हात केला. यंत्रघराच्या दारातली ठमी आत गेली.

क्षणभर काहीच नाही.

मग मालकीणबाईंनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. ऑपरेटर जवळ होता, त्यालाही ऐकू आलं. टक, टक, टक. थांबा. टक, टक, टक.

"हेच," मालकीणबाई पुटपुटल्या. "हेच होतं."

"हा काकांचा गजर आहे," आत्या म्हणाली. "मधल्या खोलीनं पोट न उघडता तो फोनच्या वाटेनं ढकलला, आणि फोननं त्याचा आवाज करून दाखवला. आता ऐका. काल सकाळी काकांनी बटण दाबलं, दारात येऊन हात हलवला. त्या वेळी बाई याच फोनवर होत्या आणि लाइन स्वच्छ होती. म्हणजे सकाळी गजर बरोबर घंटेकडे गेला. ऑपरेटर खरं बोलतोय. सोमवारी ठमी चुकली नाही. ओळ बदलली ती काल, सकाळच्या चाचणीनंतर. कुणीतरी मुद्दाम बदलली."

"पण कोणी?" ठेकेदार म्हणाला.

"तुम्ही नाही. तुम्ही किंवा ठमीनं केलं असतं, तर पुढच्या तारेवरचा खरोखर रिकामा नंबर निवडला असता. गजर मुकाट्यानं मेला असता, कुणाला टकटकही ऐकू आली नसती. हे करणाऱ्याला बासष्ट रिकामा वाटला. तो रिकामा आहेच, पण यंत्रघराच्या तारेवर. ठमी सोमवारी तिथं तसं मोठ्यानं म्हणाली होती. पुढच्या तारेवर तोच नंबर या फोनचा आहे. प्रत्येक खोलीत नंबर बदलतो, हे ज्याला माहीत नाही, ज्याला नंबर म्हणजे नंबर वाटतो, त्यानं हे केलं. आणि ठमीचं ते वाक्य ऐकायला यंत्रघरात दोघंच होते. एक काका."

साहेब भिंतीला टेकले.

"दुसरे तुम्ही, साहेब. दारात नाक धरून उभे होतात. वास नव्हताच, तर नाक कशाला धरलं होतं?"

"आई, या म्हणतात ते..."

"काकांनी व्हॉल्व्हला रुमाल बांधला होता," आत्याचा आवाज आता हळू होता, पण खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचत होता. "काल सकाळी ते तुमच्याकडे आले असणार. यंत्रं थांबवा म्हणाले असणार. पाहुणे होते, तुम्ही नाही म्हणालात. मग ते काय म्हणाले?"

मालकीणबाईंनी काही न बोलता रिसीव्हर जावयापुढे धरला. त्या छोट्या भोकांतून आवाज येत होता. टक, टक, टक. थांबा.

साहेबांनी दोन्ही कान झाकून घेतले.

"म्हणाले, वास वाढला तर मी बटण दाबीन," ते फुटल्यासारखे बोलले. "पाहुण्यांसमोर घंटा, धावपळ, मुखवटे! सगळा व्यवहार मोडला असता. दोन तासांचाच प्रश्न होता, आई. पाहुणे गेले की मी परत पंचाहत्तर करणार होतो. ठमीला करताना कितीदा पाहिलं होतं. मला वाटलं, बासष्टला काहीच नाही. कुठंच जाणार नाही तो."

"आणि नंतर?"

"नंतर धावत गेलो, तर ठमी आधीच तिथं बसलेली. रडत होती. म्हणत होती, माझी चूक, माझी चूक..." त्यांनी कानांवरचे हात खाली घेतले. "ती स्वतःच म्हणत होती."

"आणि तुम्ही तिला कागद टाइप करून दिलात," आत्या म्हणाली. "पोरगी स्वतःच्या मनानं फाशी जात होती आणि तुम्ही तिला दोर नेऊन दिलात. जे काल झालं त्याला भीती म्हणता येईल, साहेब. आज सकाळचं मात्र तुम्ही शांत डोक्यानं केलंत."

ऑपरेटर दार अडवून उभा राहिला. साहेब कुठंही पळणार नव्हते. ठेकेदारानं त्यांना खुर्चीवर बसवलं. आत्यानं मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या माउलीच्या एका बाजूला लेकीचा संसार होता आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारा, जो आता कधीच दारात येऊन रुमाल हलवणार नव्हता.

"निरीक्षकांना आत्ताच बोलवा," मालकीणबाई ऑपरेटरला म्हणाल्या. "उद्या नको. कंट्रोल रूममधून फोन करा. लेकीला मी सांगेन. माझ्याच तोंडून सांगेन."

खाली पावलं वाजली. ठमी धापा टाकत जिना चढून आली. बटण दाबणाऱ्याला स्वतःला काही ऐकू येत नाही. आपली हाक कुठं गेली, कुणी ऐकली, काही म्हणजे काही कळत नाही. काकांनाही कळलं नसेल. तिनं दारातूनच विचारलं, "आत्या, पोचलं का?"

आत्यानं तिला जवळ ओढलं. पाठीवरून हात फिरवला. "पोचलं गं. कालही पोचलं होतं."

तो टाइप केलेला कागद आत्याच्या सांगण्यावरून ठेकेदारानं साहेबांच्या केबिनमधून आधीच उचलून आणला होता. आत्यानं तो घडी करून कमरेला खोचला. निरीक्षकांना तोही दाखवायचा होता.

"बाई, फोन ठेवा आता," ठमी हळूच म्हणाली. "मी जाऊन बटण सोडवते."

मालकीणबाईंनी नको म्हणून मान हलवली. खिडकीबाहेर यंत्रघराचं रिकामं दार काळोखात बुडत चाललं होतं. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा कानाला लावला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "काल मी ठेवला होता."